थांब थांब, एक गाडी बाकी! आमचं गाणं कसं झालं आणि कसं चाललं

गेल्या गणेश चवथीला आमचं रॅप गाणं सगळीकडे वाजायला लागलं तेव्हापासून लोक दोनच गोष्टी विचारतात, ते फेरीबोटीचं कसं सुचलं आणि पैसे किती मिळाले. दोन्ही सांगते. पण या दोन्हीच्या मध्ये जे आहे ना, बीट, लिहिणं, रेकॉर्डिंग, मिक्सिंग, कागदपत्रं, ते कोणीच विचारत नाही आणि खरं काम तिथेच झालंय. गोव्यात आणि पलीकडे सिंधुदुर्गात कितीतरी पोरंपोरी घरात बसून रॅप लिहितायत, बीट बनवतायत, त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहितेय.

आधी माणसं सांगते. मी डिचोलीची, नोकरी पणजीला, रात्री बीट बनवते. मामाचं घर चोडण बेटावर. मामेभाऊ रॅप लिहितो, कॉलेजपासून लिहितोय, वह्याच्या वह्या भरल्यात. मामा घुमट वाजवतो, चवथीत आमच्या वाड्यावर एकही आरती त्याच्याशिवाय होत नाही. आणि हुक, म्हणजे गाण्यात परत परत येणारी ओळ, गायलीय ती माझी शाळेतली मैत्रीण, तिने नाट्यसंगीत रीतसर शिकलंय आणि रॅप हा प्रकार तिला आधी बिलकुल आवडत नव्हता. घरात आम्ही कोंकणी बोलतो, पण आरत्या मराठी, भजन मराठी, गावच्या जत्रेतलं नाटक मराठी, त्यामुळे गाणं मराठीत करायचं हे ठरवावंच लागलं नाही, मामेभावाच्या डोक्यात ओळी मराठीतच येतात.

आता हुक. माझा रोजचा रस्ता म्हणजे डिचोलीहून मये, मयेवरून चोडण आणि तिथून फेरीने रायबंदर. सकाळच्या गर्दीत फेरी भरते, रॅम्प उचलायची वेळ होते आणि तेवढ्यात मागून कोणीतरी स्कूटर दामटत येतो आणि ओरडतो, थांब थांब! डेकवरचा माणूस वर केबिनकडे बघून हात करतो, एक गाडी बाकी! हे रोज होतं, फेरीवर जाणाऱ्या प्रत्येकाने ऐकलंय. मामेभावाने त्यावर आधी अख्खी कविता लिहिली होती, नदी, खारफुटी, पूल होणार का नाही होणार, सगळं त्यात होतं. मी म्हटलं बाकी सगळं वर्समध्ये, म्हणजे रॅपच्या कडव्यात टाक, हुक म्हणजे फक्त ही हाक. एकाने ओरडायचं थांब थांब आणि सगळ्यांनी मिळून उत्तर द्यायचं एक गाडी बाकी. गाडी आणि बाकी, चारही अक्षरं दीर्घ, ती बरोबर ठोक्यावर बसतात आणि शंभर माणसं एकदम ओरडली तरी शब्द फाटत नाहीत. पॉप रॅपमध्ये वर्स कितीही भारी असू दे, गर्दीला म्हणता येणारं काहीतरी पाहिजेच.

बीटचं गणित सांगते कारण त्याच्यावर पुढचं सगळं उभं आहे. टेम्पो ठेवला ९६ बीपीएम, म्हणजे मिनिटाला ९६ ठोके. चार मात्रांचा एक बार धरला तर या टेम्पोला एक बार बरोबर अडीच सेकंदांचा होतो, चार बार म्हणजे दहा सेकंद, आठ बार म्हणजे वीस. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्याशिवाय स्ट्रीम मोजला जात नाही, आणि रील बघणारा माणूस तर तेवढंही थांबत नाही. मग आम्ही असं बसवलं: दोन बार घुमट, म्हणजे पाच सेकंद, लगेच आठ बार हुक, म्हणजे पंचविसाव्या सेकंदाला पहिला वर्स सुरू आणि तिसाव्या सेकंदाला ऐकणारा वर्सच्या तिसऱ्या बारमध्ये असतो. पहिला वर्स सोळा बार, परत हुक, दुसरा वर्स बाराच बार, शेवटी हुक दोनदा आणि घुमटाचे दोन बार. एकूण दोन मिनिटं चाळीस सेकंद. दुसऱ्या वर्सच्या चार बारांसाठी मामेभाऊ माझ्याशी भांडला, त्या ओळी खरंच चांगल्या होत्या, पण त्या ठेवल्या असत्या तर शेवटचा हुक यायच्या आधीच गाणं सैल पडत होतं. त्या ओळी त्याने पुढच्या गाण्यासाठी ठेवल्यात.

घुमटाचं रेकॉर्डिंग हा या गाण्यातला माझा सगळ्यात आवडता भाग. ज्यांनी जवळून बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, घुमट म्हणजे मातीचं भांडं, दोन्ही बाजूंना तोंड असलेलं, मोठ्या तोंडावर कातडं आणि छोटं तोंड उघडं. उजव्या हाताने कातडं वाजवायचं आणि डावा तळवा त्या उघड्या तोंडावर झाकत-उघडत राहायचं, त्यामुळे आवाज वरखाली वाकतो, तो जो घुम्म् असा घसरत जाणारा नाद आहे ना तो. पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे, पण घोरपड १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे म्हणून आता बकऱ्याचं लावतात, आणि २०१९ मध्ये राज्य सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. आता हा घसरणारा नाद आणि रॅपमध्ये जो ८०८ बेस असतो, एका सुरावरून दुसऱ्यावर ग्लाइड होणारा, हे दोन्ही एकमेकांच्या इतके जवळचे आहेत की बीट बनवताना मला पहिल्यांदा अंगावर काटा आला. ८०८ हे नाव रोलँडच्या १९८० च्या ड्रम मशीनवरून आलंय, आणि चोडणच्या मातीचं भांडं त्याच्याशी आरामात बोलतं.

पण रेकॉर्ड करायला बसलो ते आषाढात. कौलावर पाऊस असा कोसळत होता की माईकमध्ये पावसाशिवाय काही येईना, पाऊस थांबला की लाईट जायची, लाईट आली की इन्व्हर्टरची घूंऽऽ. शेवटी लॅपटॉप बॅटरीवर, पंखा बंद, इन्व्हर्टर बंद, आणि पाऊस उघडला की लगेच रेकॉर्ड, अशा तुकड्या-तुकड्यांनी केलं. दमट हवेत कातडं सैल पडतं, आवाज बसतो, म्हणून मामा दर थोड्या वेळाने घुमट घेऊन आत चुलीकडे जायचा, धगीवर धरायचा, बोटाने टिचकी मारून कानाशी न्यायचा आणि मनासारखं झालं की बाहेर यायचा. मी म्हटलं, मामा, मगाचंच परत वाजव, तसंच्या तसं. तो म्हणाला, "अगो, तसंच्या तसं कसं येणार, आता कातडं वेगळं आहे." आणि खरंच प्रत्येक वेळी सूर थोडा वेगळा यायचा. मी दोन माईक लावले होते, एक कातड्यासमोर आणि एक मागच्या उघड्या तोंडाशी. दोन्ही एकत्र ऐकले तर आवाज पातळ, बेस गायब. कारण साधं आहे, कातड्यावर थाप पडली की ते पुढच्या माईकपासून लांब जातं आणि मागच्या माईककडे हवा ढकलतं, म्हणजे दोघांच्या लाटा उलट्या, एकमेकींना खाऊन टाकतात. मागच्या माईकची पोलॅरिटी, म्हणजे लाटेची दिशा, उलटी केली आणि खोलीत एकदम ते भांडं येऊन बसलं. मामाने हेडफोन लावून ऐकलं आणि म्हणाला, बाहेरून असं ऐकू येतं होय, मी तर आयुष्यभर आतून ऐकलं.

हुकचा सूर मैत्रिणीच्या गळ्याप्रमाणे ठेवला. ती म्हणाली काळी चार, मी लॅपटॉपवर जी शार्प लावला, काम झालं. पण त्यामुळे बेसचा मूळ सूर साधारण ५२ हर्ट्झवर गेला आणि मोबाईलच्या स्पीकरवर तो ऐकूच येत नाही. आपलं गाणं नव्वद टक्के लोक मोबाईलवरच ऐकणार हे धरून चालायचं. मग बेसला थोडं सॅच्युरेशन दिलं, त्याने वरचे स्वर तयार होतात, १०४, १५६ असे, ते छोट्या स्पीकरवर येतात आणि कान खालचा सूर आपोआप भरून घेतो. किक पडेल तेव्हा बेस क्षणभर खाली जाईल असं साइडचेन केलं. लाऊडनेसच्या मागे फार धावलो नाही, स्पॉटिफाय तसंही सगळी गाणी साधारण उणे १४ लफ्सच्या (लफ्स म्हणजे आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आसपास आणून ठेवतं, नुसतं दाबून मोठं केलेलं गाणं तिथे उलट चपटं वाटतं. मिक्स तपासायला स्टुडिओ नव्हता. मामाची जुनी व्हॅन, नाक्यावरच्या चहावाल्याचा ब्लूटूथ स्पीकर आणि माझ्या आईचा फोन, या तिन्हीवर शब्द कळले पाहिजेत एवढीच अट.

शब्दांबद्दल थोडं बोलायलाच पाहिजे. मराठीत वाक्याच्या शेवटी क्रियापद येतं, त्यामुळे आहे-राहे, गेला-आला, होतं-जातं अशी यमकं फुकट मिळतात आणि फुकट मिळतात म्हणूनच अशा यमकांचा रॅप पहिल्या चार ओळींतच ओळखीचा वाटायला लागतो. मामेभाऊ क्रियापद मध्ये ओढतो आणि ओळीच्या शेवटी वस्तू ठेवतो, दोर, पोर, चोर, समोर. वहीत तो शाळेत शिकवलेल्या मात्रा मोजतो, ऱ्हस्वाला एक, दीर्घाला दोन, जोडाक्षराच्या आधीचं अक्षर जड. मग श्वास कुठे घ्यायचा त्याच्या खुणा करतो. रेकॉर्डिंगला कपाट उघडं टाकून कपड्यांसमोर उभा राहिला, मागे दोन गोधड्या टांगल्या, एवढाच आमचा बूथ. मुख्य टेक झाल्यावर शेवटच्या शब्दांचे डबल घेतले, म्हणजे तेच शब्द परत म्हणून एकावर एक ठेवले. मैत्रिणीच्या हुकवर पिच करेक्शन अगदी कमी आहे. तिने एका जागी छोटी हरकत, म्हणजे गळ्यातून सुराचं एक झटपट वळण, घेतली होती, सॉफ्टवेअर ती चूक समजून सरळ करायला बघत होतं, ती मी हाताने जशीच्या तशी परत ठेवली. आज लोक गाताना नेमकी तीच हरकत घ्यायचा प्रयत्न करतात.

आता कागदपत्रं, आणि इथे मी जरा जोरात बोलणार आहे.

गोव्याच्या माणसांनी मुंबईच्या सिनेसंगीतात किती काम केलंय ते आपल्याला माहीत आहे, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट, मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. अरेंजमेंट यांची, वादक यांचे, आणि रेकॉर्डवर नाव बहुतेक वेळा एकट्या संगीतकाराचं. हे ऐकत मी मोठी झालेय, म्हणून गाणं अपलोड करायच्या आधीच चौघांनी बसून स्प्लिट शीट केली. एक साधा कागद, त्यावर कोणी काय केलं आणि कोणाचा किती हिस्सा, चौघांच्या सह्या. गाण्यात दोन वेगळ्या मालक्या असतात हे लक्षात ठेवा, एक शब्द आणि चाल यांची, दुसरी त्या रेकॉर्डिंगची म्हणजे मास्टरची. मास्टर आम्ही चौघांत सारखं वाटलं. आणि मामाचं नाव नुसतं घुमटवादक म्हणून नाही टाकलं, सहसंगीतकार म्हणून टाकलं, कारण गाण्याची ओळखच त्या पहिल्या पाच सेकंदांत आहे. मामा म्हणत होता मला कशाला, घरचंच तर आहे. घरचं आहे म्हणूनच लिहून ठेवायचं.

गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्वही घेतलं, कारण रेडिओ, कार्यक्रम, हॉटेलं, इथे गाणं वाजलं की शब्द आणि चालीची रॉयल्टी त्या वाटेने येते. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, त्यानंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा कोणी कंपनी करारात लिहून काढून घेऊ शकत नाही. हे प्रत्येक पोराला पाठ पाहिजे.

रिलीज डिस्ट्रिब्युटरमार्फत, म्हणजे गाणं सगळ्या ॲपवर पोचवणाऱ्या कंपनीमार्फत केलं. तिथे आयएसआरसी कोड मिळतो, बारा अक्षरं-आकड्यांचा, तो म्हणजे त्या रेकॉर्डिंगची ओळख, जगात कुठेही वाजलं तरी हिशोब त्याच्यावर लागतो. स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट निवडणाऱ्या संपादकांना गाणं पाठवायचं तर रिलीजच्या किमान सात दिवस आधी पाठवावं लागतं, आम्ही त्याच्याही बरंच आधी पाठवलं. बीट पूर्ण आमचं, कुठलाही बाहेरचा लूप, म्हणजे तयार वाजवलेला तुकडा नाही, त्यामुळे यूट्यूबचा कंटेंट आयडी लावता आला. बाजारात मिळणारे सगळ्यांना खुले असलेले लूप वापरले असते तर ते जमलं नसतं. कंटेंट आयडीमुळे दुसऱ्याने आपलं गाणं लावून व्हिडिओ टाकला तरी जाहिरातीचा वाटा आपल्याकडे येतो, आणि आमच्या बाबतीत मूळ व्हिडिओपेक्षा दुसऱ्यांचे व्हिडिओच जास्त बघितले गेले.

तारीख मुद्दाम चवथीच्या थोडी आधीची निवडली. त्या दिवसांत मुंबई-पुण्याची, परदेशातली माणसं घरी येतात, प्रत्येक घरात गर्दी असते, फोन हातात असतो. पहिले काही दिवस फक्त ओळखीचेच ऐकत होते. मग फेरीवरच्या कोणीतरी धावत येणाऱ्या स्कूटरचा व्हिडिओ काढून आमचा हुक लावला. त्यानंतर कदंबा बसच्या मागे धावणारे, गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधताना शेवटचं फळ विसरलेले, पंगतीत उशिरा आलेला जावई, सगळ्यांना तो हुक लागू पडायला लागला. फेरी कधी बघितलीही नाही अशा कोल्हापूरच्या, नांदेडच्या लोकांनी एसटीवर, लोकलवर लावला. २०२० मध्ये टिकटॉक बंद झाल्यापासून आपल्याकडे अशी गाणी रील्सवरच चालतात. घुमटाचे दोन बार आणि हाक, बास, एवढाच तुकडा लोकांनी उचलला आणि मग पूर्ण गाणं शोधत आले. आकडा लाखांच्या घरात गेला तेव्हा मामेभाऊ रात्री झोपत नव्हता.

तेव्हाच एका म्युझिक कंपनीचा फोन आला. एकरकमी पैसे, आमच्यासाठी रक्कम खूपच मोठी, आणि करारात लिहिलेलं की मास्टर कायमस्वरूपी, संपूर्ण जगात, आज असलेल्या आणि पुढे येणाऱ्या सगळ्या माध्यमांसाठी त्यांचं. म्हापशाच्या ओळखीच्या वकीलकाकांनी तो पेनाने खुणा करत वाचला आणि म्हणाले, गाणं विकायचं असेल तर सही करा, चालवायचं असेल तर करू नका. मामीला वाटत होतं पैसे घ्यावेत, घराचं काम काढलेलं होतं, तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. दोन संध्याकाळी चर्चा झाली. शेवटी मामाच म्हणाला, रेमोने काय केलं होतं आठव. गोव्याचे गायक रेमो फर्नांडिस यांनी १९८० च्या दशकात घरी चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर गाणी रेकॉर्ड केली आणि स्कूटरवरून फिरून कॅसेट स्वतः विकल्या, पुढे २००७ मध्ये पद्मश्री. मामाच्या पिढीने ते डोळ्यांनी बघितलंय. आम्ही नाही म्हणून कळवलं.

पैशांचं आता स्पष्ट सांगते. स्ट्रीमिंगचे पैसे दर स्ट्रीमला ठरलेले नसतात, एकूण जमा रकमेतला आपला वाटा मिळतो, आणि भारतात वर्गणी कमी आहे म्हणून तो वाटाही कमी. २०२४ पासून तर स्पॉटिफायवर बारा महिन्यांत १००० स्ट्रीम झाल्याशिवाय त्या गाण्याची रॉयल्टीच सुरू होत नाही. पैसे हातात यायला दोन-तीन महिने जातात. आमच्या कमाईत स्ट्रीमिंग आहे, पण सगळ्यात मोठा भाग कार्यक्रमांचा. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या, मग कॉलेजांचे कार्यक्रम, सावंतवाडी-कुडाळकडची बोलावणी, मग शिगमो. त्यानंतर एका स्थानिक दुकानाने जाहिरातीसाठी हुक मागितला, त्याचं परवानाशुल्क वेगळं घेतलं, एका वर्षासाठी आणि फक्त गोव्यापुरतं. मास्टर आमच्याकडे होतं म्हणूनच हे असं तुकड्याने देता आलं. लग्नांत डीजे तर वाजवतातच. २०२४ च्या जानेवारीत राज्य सरकारने परिपत्रक काढलं होतं की लग्नासारख्या समारंभात वाजणाऱ्या गाण्यांसाठी परवानगी वा रॉयल्टी मागता येणार नाही, ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केलं. आमच्यासारख्या छोट्यांसाठी हा निकाल किती महत्त्वाचा आहे ते घरात रॉयल्टीचा पहिला हिशोब आला तेव्हा नीट कळलं.

कार्यक्रमांत एक अडचण कायम असते, उघड्यावर रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद. पाहुण्यांची भाषणं लांबली की आमची वेळ खाल्ली जाते. म्हणून आता आयोजकांशी लेखी ठरवतो की आम्ही नऊच्या आत स्टेजवर. सुरुवातीलाच मामा एकटा घुमट घेऊन पुढे येतो, दोन बार वाजवतो, आणि थांब थांब म्हणायच्या आधीच लोक उत्तर द्यायला लागतात. त्याच्या बाजूला वाड्यावरची दोन पोरं उभी असतात, एक शामेळ हे चर्मवाद्य घेऊन, एक कासाळं म्हणजे झांज घेऊन, त्यांनाही प्रत्येक कार्यक्रमाचं मानधन ठरलेलं आहे, प्रवास आणि जेवण सोडून वेगळं.

पुढचं गाणं ढोल-ताशावर करतोय, टेम्पो जास्त, मामेभावाच्या त्या काढलेल्या चार ओळी त्यात बसल्यात. ताशाचा आवाज माईकला झेपत नाहीये, सगळं फाटतंय, म्हणून या आठवड्यात वाजवणाऱ्यांना अंगणाच्या टोकाला उभं करून माईक पडवीत ठेवून बघणार आहोत.